सहावी चूक

३ जून

पोरी,

मायना कसा लिहायचा ते तिसरीत शिकवतात म्हणे. मी तिसरी पुरी केली नाही, तेव्हा मायन्याशिवायच वाच.

तुझा फोटो सापडला, रद्दीच्या गठ्ठ्यात. गिऱ्हाइकाचे चार शर्ट गुंडाळायला पेपर ओढला, तर घडीच्या मधोमध तू. केस कापलेस. कान उघडे पडलेत, ते तुझ्या आईचे आहेत. फोटोखाली तू लिहिलेलं, ‘लघुपट करताना टाळायच्या दहा चुका’. शर्ट दुसऱ्या पेपरात बांधून दिले आणि हा पेपर ठेवून घेतला. वाचायला दोन दुपारी लागल्या. अक्षरं बारीक, आणि तू लिहितेसही एका दमात.

पहिली चूक म्हणे, गोष्ट लांबवणं. हे तू सांगतेस? बारा मिनिटांची फिल्म म्हणालीस आणि पाच दिवस आमच्या दुकानात तळ ठोकलास. दोन बायका समोरासमोरच्या टेबलांवर इस्त्री करतात, त्यात बघायचं काय, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, तुला नाही दिसायचं आजी, तू रोज बघतेस.

दुसरी चूक, पंखा आणि फ्रिज चालू ठेवून बोलणं रेकॉर्ड करणं. बरोबर आहे. पण बंद केलेला फ्रिज नंतर चालू करायचा असतो, हे लिहायचं राहिलं. पहिल्या दिवशी माझं दूध नासलं. दुसऱ्या दिवसापासून तो तुझा कानवाला, कानांना गोळे लावून आवाज घेणारा तुझा मित्र, स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायला लागला. मी म्हटलं, अरे, किल्ली काय नासते का? तर म्हणाला, आजी, किल्लीशिवाय मी घरी जाऊ शकत नाही, आणि किल्ली घ्यायला फ्रिज उघडला की आतला दिवा लागलेला नाही हे दिसतं. एवढा विचार करणारा पोरगा.

तिसरी चूक, एकाच प्रसंगात कपडे बदललेले दिसणं, ती माझीच आहे, मला ठाऊक आहे. माझं नाव घातलं नाहीस ते बरं केलंस. एकाच दारातून मी आत जाते तेव्हा एप्रनवर डाग, आणि पलीकडून बाहेर येते तेव्हा एप्रन कडक इस्त्रीचा. मला काय माहीत अर्धं आज घेणार आणि अर्धं उद्या? चार माणसं बघणार म्हणून मी रात्री धुतला. तू डोक्याला हात लावून बसलीस आणि तुझी आई टेबलाखाली तोंड घालून हसत होती.

बाकीच्या चुकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसांना वेळेवर जेवू घाला, घेतलेलं त्याच दिवशी दोन जागी उतरवून ठेवा, सगळं शहाणपणाचं. फक्त सहावा मुद्दा. तो मी इथे उतरवून काढते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही दिसेल. ‘आवाजाचं काम मित्राला देऊ नका. मित्राला जाब विचारता येत नाही, आणि त्याने हरवलेलं परत मिळत नाही.’

हा मुद्दा काढून टाक. जो माणूस किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो तो वस्तू हरवत नाही.

— आजी


१९ जून

पोरी,

चार ओळींचं का होईना, उत्तर आलं. पाच वर्षांत पहिलं. पत्र आलंय म्हणून शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

तू लिहितेस, हे दहा मुद्दे आता पुस्तिकेत येणार, पंधरा जुलैला छपाई, आणि त्यातला शब्दही बदलणार नाही. बरं. पुस्तिका तू शिकवतेस त्या वर्गातल्या सगळ्या पोरांना वाटणार हेही लिहिलंस. मग हेही ऐक की तो पेपर इथेही चार लोकांनी वाचलाय. इथल्या लोकांना तो मित्र कोण हे विचारावं लागत नाही. कानवाल्याचं आता स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, दोन गल्ल्या सोडून. कार्यक्रमांचा आवाज सांभाळायला जायचा तो, ते एकेक करून सुटलं. एका शाळेने त्याला तोंडावर सांगितलं की आमच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग एकदाच होतं, आम्हाला धोका नको. त्याचे शर्ट इस्त्रीला माझ्याकडेच येतात. आधी आठवड्याला सहा यायचे, आता दोन.

तू लिहितेस, आईचं जे एकमेव माझ्याजवळ राहिलं असतं ते त्याने घालवलं. म्हणून तो दिवस मला पुन्हा लिहावा लागतोय.

पाचवा दिवस होता. तुझी आई कॅमेऱ्यासमोर बोलायला बसेना. तू म्हणालीस, तुझ्याबद्दल सांग, मी झाले त्या वेळचं सांग, बाबांबद्दल सांग. ती म्हणाली, तुझ्यासमोर नाही जमायचं. कानवाल्यासमोर? त्याच्यासमोरही नाही. शेवटी म्हणाली, मशीनसमोर बोलेन, तुम्ही सगळे बाहेर व्हा. तो बिचारा म्हणत होता, मशीन एकटं सोडत नाहीत, कानाला लावून कुणीतरी ऐकत बसावं लागतं. तू त्याला म्हणालीस, सोड आज. म्हणजे पहिली चूक तुझी, ती दहात कुठेच नाही.

त्याने मशीन चालू केलं, मला लाल दिवा दाखवला, आणि आम्ही तिघं बाहेर. मध्येच कुणी आत जाऊ नये म्हणून दार बाहेरून लावून घेतलं. तू गल्लीच्या तोंडाशी गाड्या थांबवत होतीस, तो पोरांना हुसकत होता, आणि मी दाराच्या काचेपाशी. पाऊण तासाने तूच दार उघडलंस. त्याने मशीनमधून कार्ड काढलं, डबीत ठेवलं, डबी टेबलावर ठेवली. संध्याकाळी डबीत कार्ड नव्हतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तीन दिवस त्याने दुकान उलथं केलं. टेबलं सरकवली, गिऱ्हाइकांचे बांधलेले गठ्ठे सोडून प्रत्येक खिसा चाचपला, मोरीची जाळी काढून हात घातला. मी टॉर्च धरून उभी होते. तिसऱ्या दिवशी तू त्याला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. तुमचं दोघांचं ठरत आलं होतं, तेही त्याच दिवशी मोडलं. आईला तू पुन्हा बोल म्हणालीस, तर ती म्हणाली, एकदा बोलायला जोर होता, तो संपला. आठ महिन्यांनी ती गेलीच.

मी तिचं टेबल पंधरा दिवसांत विकलं म्हणून तू बोलणं टाकलंस. ते योग्यच केलंस. मला समोर ते रिकामं बघवत नव्हतं, आणि हे तुला तेव्हा सांगायला माझ्याच्याने झालं नाही, म्हणून जागा अडते असं म्हटलं.

कार्ड त्याने हरवलं नाही. मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते विचारू नकोस. एवढ्यावर मुद्दा काढ.

— आजी


२७ जून

तुझ्या दोनच ओळी आल्या, ‘कसं ठाऊक ते सांगितल्याशिवाय मी काही काढणार नाही. तुझी नेहमीची हुकूमशाही पुरे.’ हुकूमशाही म्हणजे काय ते शेजारणीला विचारलं. तिने सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

कार्ड मी घेतलं.

तू, तुझी आई आणि कानवाला कॅमेरा आवरत होतात. डबी माझ्या टेबलावर होती. मी ती उघडली, नखाएवढं ते कार्ड एप्रनच्या खिशात टाकलं आणि डबी बंद केली. तेवढंच.  नंतर ते गिऱ्हाइकांच्या तुटलेल्या बटणांच्या बरणीत ठेवलं, तळाशी. कानवाल्याने ती बरणी दोनदा हलवून पाहिली होती. मी म्हटलं, बटणं आहेत रे.

आता का घेतलं ते. हे लिहायला मी दोन दिवस बसले आहे, मध्ये एक चादर जाळली.

हे तू चार वर्षांची होतीस तेव्हाचं. तुझा बाप तुम्हाला माझ्याकडे टाकून गेला तेव्हा तू दोन वर्षांची होतीस, आणि नंतर त्याचा पत्ता नव्हता, एवढं तुला सांगितलेलं आहे. तो परत कधी आला नाही, असंही सांगितलेलं आहे. तो आला होता. दोनदा. पहिल्यांदा तुझी आई कपडे पोचवायला गेली होती. त्याने चांगला शर्ट घातला होता आणि तो त्याने स्वतःच इस्त्री केला होता, वाईट केला होता, खांद्यावर दुहेरी घडी पडली होती. म्हणाला, काम लागलंय, खोली घेतलीय, दोघींना न्यायला आलोय. मी म्हटलं, ती तुझं नावही काढत नाही. महिन्याने पुन्हा आला. या वेळी मी म्हटलं, तिने दुसरं घर केलंय, पोरीला दुसरा बाप आहे, पुन्हा या दारात दिसलास तर लोकांना गोळा करीन.  मग गेला. कुठे, ते मला ठाऊक नाही.

तुझ्या भल्यासाठी केलं असं लिहिलं तर तुला वाचायला सोपं जाईल. पण तसं नव्हतं. त्या वर्षी हॉटेलाच्या चादरी नुकत्याच लागल्या होत्या. दोन टेबलांचं काम होतं आणि माझी कंबर तेव्हाच गेलेली. ती गेली असती तर समोरचं टेबल बंद झालं असतं. आणि संध्याकाळी बोलायला कुणी राहिलं नसतं. दोन्ही कारणं होती. कोणतं मोठं होतं ते मी कधी ठरवलं नाही.

पुढे कधीतरी कुणीतरी तुझ्या आईला हे सांगितलं असणार, असं मला वाटायचं. गल्लीत गोष्ट झाकून राहत नाही. ती कधी बोलली नाही. वीस वर्षं माझ्यासमोर उभी राहून कॉलरी दाबत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आज बोलेल, उद्या बोलेल.

मग त्या दिवशी मी काचेतून पाहिलं. काच जाड, ऐकू काही येत नव्हतं. ती इस्त्री करत होती, मग थांबली, बोलायला लागली. बाहीने डोळे पुसले. शेवटी तर तिने दाराकडे तोंड केलं, आणि ओठ कसे हलले ते मला स्पष्ट दिसलं. ‘आई’ म्हणत होती. एकदा नाही. मी म्हटलं, झालं, माझंच सांगतेय. हे तू ऐकणार, तुझे मित्र ऐकणार, पडद्यावर लोक ऐकणार.

म्हणून घेतलं. ते मी अजून ऐकलेलं नाही. माझ्याकडे मशीन नाही, आणि असतं तरी ऐकलं नसतं.

आता मला कसं ठाऊक ते तुला कळलं.

— आजी


४ जुलै

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघितली नाही. सोमवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि कार्ड घेऊन कानवाल्याकडे गेले.

त्याच्या दुकानात बसायला एकच स्टूल, त्यावर उघडा स्पीकर. मी उभ्याउभ्याच सांगितलं, तुला लिहिलं तेवढं सगळं. तो एक तार जोडत होता. जोडून झाल्यावर त्याने हातातलं खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. त्याने विचारलं, “आजी, हे गरम जागी होतं का? इस्त्रीजवळ?” मी म्हटलं, नाही, बरणीत होतं. “पाणी?” नाही. मग त्याने कपाटातून ते जुनं मशीन काढलं. विकलं नव्हतं त्याने. कार्ड पुसलं, आत घातलं, कानांना ते गोळे लावले.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यात मी लोकांच्या तोंडाकडे बघून बरेच अंदाज केले, सगळे चुकले, तरी बघतच होते. त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, “आलंय. स्वच्छ आलंय.”

मग स्पीकर खाली ठेवून तोच स्टुलावर बसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “सहा वर्षं मला वाटतंय, मीच कुठेतरी पाडलं असणार. आता आता तर मला पाडल्याचं आठवायलाही लागलं होतं.”

  त्याने ते गोळे काढून माझ्या कानांना लावले.

पोरी, तिचा आवाज आहे. आधी बराच वेळ नुसतीच इस्त्री आणि वाफेचा फुस्कारा. मग ती खाकरते. म्हणते, काय बोलू, मशीनशी कुणी बोलतं का. मग तुला कॉलर कशी करायची ते सांगते, आधी उलटी बाजू, टोकाकडून मध्याकडे, तू नेहमी उलटं करतेस म्हणते. वाफ डोळ्यांत गेली म्हणते. म्हणजे डोळे त्यासाठी पुसले होते.

मग हे म्हणते. मी तीनदा ऐकून लिहून घेतलंय, शब्द तिचे आहेत.

“तुझा बाप आला होता. आजी सांगते तसं नाही, दोनदा आला होता. दुसऱ्या वेळी मी वरच्या खोलीत होते, खिडकी उघडी होती, सगळं ऐकलं. खाली यायला अकरा पायऱ्या आहेत. नाही आले. मला जायचंच नव्हतं गं. तो वाईट नव्हता, पण मला त्याच्याबरोबर गप्प बसून राहावं लागायचं. इथे आईशी भांडता तरी येतं. आईला वाटतं तिने त्याला हाकललं. वाटू दे. तिला सगळं आपल्याच हातून झालेलं आवडतं. तू मात्र तिला दोष देऊ नकोस, आणि मला द्यायचा तर समोर येऊन दे.”

एवढंच. पुढे पुन्हा इस्त्री.

म्हणजे मी जे झाकायला गेले ते तिने केव्हाच आपल्या अंगावर घेतलं होतं. हे तू त्याच आठवड्यात ऐकलं असतंस. ती होती तेव्हा. समोर येऊन भांडली असतीस, ती हसली असती, तिघींचं एकदा काय ते झालं असतं. तिला ते हवं होतं, म्हणून तर बोलली. आणि नंतरचे आठ महिने ती वाट बघत राहिली असेल, की कार्ड सापडतं का. मला म्हणाली होती एकदा, आई, त्या पोराला बस म्हण, पाणी दे, किती शोधेल. मी टॉर्च धरलाच होता.

कानवाल्याने विचारलं, तुमच्याबद्दलचं वाक्य काढून पाठवू का, काढलेलं कळणारही नाही. मी म्हटलं, कात्री लावलीस तर बघ. जसं आहे तसं ठेव.

शेवटचं एक राहिलं. बोलून झाल्यावर तिला मशीन बंद करता येईना. कसं करता येणार, तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मग ती हाक मारते. आधी तुझ्या नावाने, झालं गं, या आत. मग कानवाल्याला. मग मला, आई, आई, दार उघडा की. आणि आम्ही तिघं बाहेर दार लावून उभे होतो, एकमेकांना गप्प बसा म्हणत.

मी काचेतून पाहिलं होतं ते हे होतं.

छपाईला अकरा दिवस आहेत.

— आजी


९ ऑगस्ट

पुस्तिका पोचली. आत चिठ्ठी नव्हती. पाकिटात बोट घालून पाहिलं, उलटं करून झटकलं, नव्हती.

सहावा मुद्दा वाचला. ‘आवाज घेणाऱ्याने सांगितलं की रेकॉर्ड झालं आहे आणि मी नीट ठेवलं आहे, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा आणि मग शोधा. मी ठेवला नव्हता. चूक त्याची नव्हती.’ खाली त्याचं पूर्ण नाव दिलंस. मी कार्ड घेतलं हे कुठेच लिहिलं नाहीस. मला वाटलं होतं लिहिशील. लिहायला हवं होतंस, मी तयार होते.

कानवाल्यालाही एक प्रत आली. त्याने ती दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवली नाही, खणात ठेवली. या आठवड्यात त्याचे तीन शर्ट आले. शर्ट न्यायला आला तेव्हा म्हणाला, तुझा फोन आला होता, तासभर बोललात. आईचा आवाज त्याने तुला फोनवरच ऐकवला, आणि आता ती फिल्म पुरी करायची म्हणतेस.

करा. बारा मिनिटांच्या वर नेऊ नका.

मी शर्ट बांधत होते. तासभर बोलणं झालं त्यात माझं काही निघालं का, ते मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. गठ्ठा घेतला आणि गेला.

— आजी